किती तास बसलास, हे विचारू नका

तुमचा मुलगा किंवा मुलगी परीक्षेच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राहते. रात्री जेवणं उरकली की तुम्ही फोन लावता. पहिला प्रश्न, जेवलास का? तो विचारत राहा. दुसरा प्रश्न, आज किती तास बसलास? तो आजपासून बंद करा. ही विनंती करायची म्हणून हे लिहितो आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आता पाठ झालं असेल. दहा तास. बारा तास. ते खोटंही नसतं. औरंगपुरा, खडकेश्वर, उस्मानपुरा, टीव्ही सेंटर, जिकडे जाल तिकडे अभ्यासिका आहेत. जालना, बीड, परभणी, हिंगोलीची मुलं महिन्याचे पैसे भरून तिथे एक खुर्ची धरतात. सकाळी बसतात ती रात्रीच उठतात. घरी सोयाबीन विकून आपल्याला पैसे येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कष्टाला ही मुलं कुठेही कमी नाहीत.

अडचण बसण्यात नाही. बसून काय करतात, त्यात आहे.

कधी संभाजीनगरला गेलात तर अभ्यासिकेत पाच मिनिटं डोकावून या. समोर पुस्तक उघडं असतं. हातात हायलायटर. निम्मं पान पिवळं झालेलं असतं. तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचून होत असतं आणि मूल समाधानाने म्हणतं, तिसरी रिव्हिजन झाली.

आता त्याला पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा. सरपंच राजीनामा कोणाकडे देतो? उपसरपंच कोणाकडे? पंचायत समितीचा सभापती कोणाकडे? जिल्हा परिषदेचा अध्यक्ष कोणाकडे?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलेलं असतं. सरपंच देतो पंचायत समितीच्या सभापतीकडे. उपसरपंच देतो सरपंचाकडे. सभापती देतो जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे. आणि अध्यक्ष देतो विभागीय आयुक्तांकडे, ज्यांचं कार्यालय याच शहरात आहे. चार ओळींची गोष्ट. पुस्तक उघडं असताना वाटतं, हे काय, येतंच की. पुस्तक मिटलं की सभापतीच्या जागी अध्यक्ष येतो आणि अध्यक्षाच्या जागी जिल्हाधिकारी.

बाजारात एखादा माणूस भेटतो, चेहरा ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. पिवळ्या पानांचं तसंच आहे. ओळख पटते, आठवण येत नाही. आणि परीक्षेत नाव विचारतात.

यावर जगात पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेत सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. काही उतारे बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली. पुन्हा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, लिहून काढलेलं ७५ टक्के. म्हणजे वाचणंच बरं, असं वाटेल. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं होतं. लिहून काढलेलं ५६ टक्के टिकलं होतं.

त्यांच्या दुसऱ्या प्रयोगातली एक बाब आईवडिलांनी तर लक्षात ठेवावीच. त्यात एक गट चारही सत्रांत नुसता वाचत राहिला. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल, असं सगळ्यांना विचारलं. सगळ्यांत जास्त भरवसा या गटाला होता. आठवड्याने सगळ्यांत कमी आठवलं ते याच गटाला.

तुमचं मूल पेपर देऊन येतं आणि म्हणतं, आई, सगळं येत होतं गं, पेपरात सुचलंच नाही. ते खरं बोलत असतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्यावर संशय घेऊ नका, नशिबाला बोल लावू नका, आणि नजर लागली म्हणून काही उतरवून टाकू नका. फक्त अभ्यासाची रीत बदलायला सांगा.

आता काय करायचं ते सांगतो.

फोनवर विचारा, आज काय शिकलास, मला सांग. एवढंच. तुम्ही सातवी शिकला असाल, शाळेत गेलाच नसाल, तरी चालेल. तुम्हाला विषय कळायची गरज नाही. तुम्ही फक्त ऐकायचं. पुस्तक समोर न धरता सांग, एवढी अट घाला.

मूल अडखळेल. अडखळू द्या. गप्प बसेल. तुम्हीही थोडं गप्प बसा. ‘ते आता आठवत नाहीये’ असं म्हणेल. त्या वेळी रागावलात तर सगळं बिघडेल, कारण उद्यापासून ते फक्त येणाऱ्या गोष्टीच सांगेल. म्हणा, बरं, पुस्तक बघ आणि उद्या सांग. डोक्याला ताण देऊन आठवायचा प्रयत्न केला, मग उत्तर पाहिलं, की ते उत्तर घट्ट बसतं. नुसतं पाहिलेलं तसं बसत नाही.

आणि मध्ये एकदा ‘का’ विचारा. असं का ठरवलं? ते नसतं तर काय झालं असतं? न समजता घोकलेलं थोड्याशा फिरवलेल्या प्रश्नाला टिकत नाही.

आपल्या घरांना हे नवं नाही. दिवेलागणीला मुलं परवचा म्हणायची. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी. अंकलिपी हातात नसायची. चुकलं की आजी थांबवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. पेटीभर पुस्तकं नव्हती, म्हणून असेल, पण न बघता म्हणून दाखवणं हाच तेव्हा अभ्यास होता. ती सवय मोडायला नको होती, असं मला मनापासून वाटतं.

आज तर ती सवय जास्तच लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. समोर चार पर्याय नाहीत, कोरी पानं आहेत. ओळख पटून तिथे भागत नाही. नीटच्या मुलांना पर्याय असतात, पण तिथेही एका चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. ‘बघितल्यासारखं वाटतंय’ म्हणून खूण केली की नुकसान.

दुसरी गोष्ट, विसरण्याची. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि किती टिकतं ते मोजायचा. तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटलं. एका दिवसाने जेमतेम तिसरा हिस्सा उरला. अर्थ कळलेली गोष्ट इतकी झरझर जात नाही. पण जाते. सगळ्यांची जाते. तुमचं मूल विसरतं म्हणजे ते मठ्ठ आहे, असं नाही.

म्हणून आज वाचलेलं उद्या एकदा आठवायचं. मग तीन-चार दिवसांनी. मग आठवड्याने. मग महिन्याने. दर वेळी थोडाच वेळ लागतो. एकाच बैठकीत पाच वेळा वाचण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी एकेकदा आठवणं किती तरी पक्कं.

याला ॲप लागत नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांतला दोन्ही बाजूंनी कोरा भाग बघून विड्याच्या पानाएवढे तुकडे कापा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मुलगी सुट्टीला आली की तिने लिहावं, धाकट्याने कापावं. चिठ्ठ्या एका डब्यात उभ्या लावा. जिचं उत्तर आलं ती चिठ्ठी मागे. जिचं आलं नाही ती पुढेच राहील, उद्या पुन्हा. दोन महिन्यांत डबा भरेल. नुसता डबा बघूनही कळेल की पुढच्या बाजूला काय अडून बसलं आहे.

गणिताला थोडी वेगळी रीत आहे. मुलं एका प्रकारची वीस गणितं एका दमात सोडवतात. सगळी बरोबर येतात. येणारच, कारण सूत्र कोणतं हे आधीच माहीत असतं. फ्लोरिडातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली हे तपासलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं ओळीने सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सरावात ओळीने सोडवणारे ८९ टक्के बरोबर, मिसळून सोडवणारे ६० टक्के. आठवड्याने परीक्षा झाली. ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर घसरले. मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर होते.

तेव्हा मुलाच्या सराव पेपरात गुण कमी दिसले तर लगेच धसका घेऊ नका. मिसळून सराव करत असेल तर सुरुवातीला गुण कमीच दिसतील. शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना तर अजिबात नको.

झोपेबद्दल थोडक्यात. रात्र जागवून अभ्यास केला, याचं कौतुक करू नका. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दिसून आलं होतं की, पाठ करून झोपलेल्याला जास्त आठवतं, पाठ करून तेवढाच वेळ जागं राहिलेल्याला कमी. झोपेतही डोकं दिवसभराचं काम बसवत असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हीच फोन करा आणि झोपायला सांगा. अभ्यासिका रात्रभर उघडी असते, पण म्हणून रात्रभर तिथे थांबायला हवं असं नाही.

मुलींबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. मुलगी सुट्टीला घरी आली की तिच्या हातात झाडू येतो, पोळ्या येतात, पाहुणे येतात. मुलगा आला की त्याला उठवतही नाहीत. तिच्या चिठ्ठ्यांचा डबा तसाच राहतो. आठवायचे ते दिवस एकदा हुकले की मागचं बरंच निसटतं, हे आता तुम्हाला कळलं आहे. घरी आलेल्या मुलीला रोज सलग दोन तास द्या. दार लावून. त्या दोन तासांत कोणी तिला चहा टाकायला सांगायचं नाही. आणि मुलाला पाच वर्षं देत असाल तर मुलीला एका वर्षात निकाल मागू नका.

आता पैशाच्या आणि निर्णयाच्या गोष्टी. इथे तुमचं मूल नाही, तुम्हीच सापडता.

चौकाचौकात फ्लेक्स लागतात. निवड झालेल्यांचे फोटो, हार, गुलाल. त्यातून मनात गणित मांडलं जातं की या क्लासला गेलं की होतं. फ्लेक्सवर न झालेल्यांचे फोटो नसतात. क्लासमध्ये गेलात तर एकच प्रश्न विचारा, या बॅचला एकूण किती मुलं होती? आणि फोटोतल्या मुलाने तुमच्याकडे नेमकं काय केलं, वर्षभराचा कोर्स की दोन दिवसांची मुलाखतीची तयारी? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी नियम काढले आहेत. यशस्वी उमेदवाराने कोणता कोर्स केला, किती दिवसांचा केला, हे जाहिरातीत सांगावं लागतं. म्हणजे तुम्ही विचारता आहात ते रास्तच आहे. लाजू नका.

मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी कशात आहे ते सांगतो, असं म्हणणारेही भेटतील. डीएमआयटी असं नाव सांगतील, रंगीत अहवाल देतील. याला वैज्ञानिक आधार नाही, असं मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीरपणे सांगितलं आहे. ते पैसे वाचवा. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्यांनाही दुरूनच नमस्कार करा.

फी भरायची वेळ बहुतेक जूनमध्ये येते. तेव्हाच बी-बियाणं, खतं, लहान भावंडांची पुस्तकं. हात सगळ्यांत तंग असतो तेव्हाच सगळ्यांत मोठा निर्णय. याबद्दल एक मोलाचा अभ्यास आपल्याच देशात झाला. आनंदी मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना त्यांनी दोनदा डोक्याला ताण देणारी कामं सोडवायला दिली. एकदा ऊस जाण्याआधी, पैशाची ओढाताण असताना. एकदा पैसे हातात आल्यावर. माणूस तोच. पण तंगीच्या दिवसांत त्याचं डोकं कमी चाललं. अक्कल कमी झाली होती असं नाही. डोक्यातली जागा चिंतेने अडवली होती.

म्हणून त्या दिवसांत एकट्याने सही करू नका. क्लासवाला म्हणेल, आज भरलं तर सवलत, उद्या नाही. त्याला म्हणा, उद्या येतो. घरी या. रात्र जाऊ द्या. चिंता कमी असलेल्या कोणाला तरी सोबत न्या, मेहुणा असो, गावातले गुरुजी असोत. वर्षाची फी एकदम भरू नका, हप्ते मागा. मूल मध्येच सोडून आलं तर उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पैसे परत करण्याची अट पावतीवर लिहून घ्या. फसवणूक झाली तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आणि आता सगळ्यांत अवघड गोष्ट. थांबायचं कधी?

चार वर्षं झाली. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य राहिली. वय अठ्ठावीस. घरात सगळे म्हणतात, इतकी वर्षं दिली, आता कसं सोडायचं? हे वाक्य माणसाला बांधून ठेवतं. १९८५ साली अमेरिकेत हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी विद्यार्थ्यांना एक सवाल टाकला. समजा, तुम्ही दोन सहलींची तिकिटं काढली आहेत. एक १०० डॉलरचं, एक ५० चं. मजा ५० च्या सहलीत जास्त येईल. पण दोन्ही सहली एकाच दिवशी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त जणांनी महागडी सहल निवडली. पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते. तरी जिथे जास्त गेले तिकडे पाय ओढले गेले.

गेलेली चार वर्षं परत येणार नाहीत, पाचवं दिलं तरीही. तेव्हा विचारायचं ते एवढंच. आज पहिल्यांदा ठरवायचं असतं, वय हेच, तयारी हीच, तर पुढचं एक वर्ष यालाच दिलं असतं का? उत्तर हो असेल तर जरूर द्या. काहींचं उत्तर खरंच हो असतं. नसेल तर मागच्या वर्षांचा दाखला देऊन मुलाला अडकवू नका.

हा विचार निकालाच्या दिवशी होत नाही. म्हणून तो आजच करून ठेवा. दिवाळीला मूल घरी येईल तेव्हा एक कागद घ्या. किती प्रयत्न द्यायचे, ते लिहा. कोणत्या महिन्यापर्यंत, ते लिहा. तोवर झालं नाही तर काय, तेही लिहा. नुसतं ‘बघू’ असं लिहू नका. बी.एड. की वाळूज-शेंद्र्याला कारखान्यात नोकरी, की शेतीला जोडून दुकान, हे नाव घालून लिहा. मुलाला बोलू द्या, तुम्ही मागून बोला. तिघांनी खाली सह्या करा आणि कागद कपाटात जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी ठेवा. वर्षातून एकदा काढून वाचा. परिस्थिती बदलली तर सगळ्यांनी बसून बदला, पण निकाल लागायच्या आधी.

निकाल लागेल त्या दिवशी तो कागद काढू नका. त्या आठवड्यात कोणताच निर्णय नको. पुढच्या वर्षाची फी नको, सोडून ये असा निरोप नको, स्थळाचा विषय नको. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, मुलापर्यंत जाऊ देऊ नका.

मूल फोन उचलत नसेल, जेवण सोडलं असेल, किंवा ‘माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं’ असं काही बोलत असेल, तर ते उगाच म्हणतंय असं समजू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो स्वतः लावा आणि मुलालाही द्या. खोलीवरच्या मित्राला फोन करा, आज रात्री त्याला एकटं सोडू नकोस म्हणून सांगा. आणि सकाळची वाट न बघता मिळेल त्या एसटीने निघा. दोन दिवस जनावरांचं शेजारचं कोणी तरी बघेल.